दोन वर्षं मिठाच्या गुळण्या

आधी माझ्या दातांबद्दल सांगतो, म्हणजे पुढची फसवणूक नीट समजेल.

माझे दात साऱ्या सोलापुरात नावाजलेले होते. मी यंत्रमागाच्या कारखान्यात तीस वर्षं काढली. आधी मागावर होतो, नंतर जॉबर झालो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. आमच्याकडे टॉवेल निघतात. मागावर होडीसारखा एक लाकडी धोटा इकडून तिकडे धावतो. त्याच्या पोटात दोऱ्याची कांडी असते आणि बाजूला बारीक भोक. कांडी बदलली की दोरा त्या भोकातून बाहेर काढायचा. त्यासाठी तारेचा आकडा मिळतो, पण आकडा शोधत कोण बसणार? धोटा तोंडाला लावायचा आणि जोरात ओढायचं, दोरा जिभेवर येतो. माझा दम असा होता, की एकदा मी ओढलं आणि शेजारच्या मागाचाही दोरा तुटून माझ्या तोंडात आला. सुताचं भरलेलं पोतं दातात धरून मी गोदामापासून फाटकापर्यंत नेलं आहे. काही लोक म्हणतात पोत्याला रियाजनं खालून हात लावला होता. रियाज माझा मित्र आहे, तो तसं म्हणणारच.

हे वाचणारा कोणी तरी आत्ता दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर, मांडीवर मोठं खाकी पाकीट घेऊन बसला असेल. त्याच्यासाठी हे लिहितोय. वाढवून सांगायची मला सवय आहे, ती काही या वयात जाणार नाही. पण एक शब्द देतो. आजाराबद्दल जे लिहीन ते होतं तेवढंच लिहीन. बाकीच्याची हमी नाही.

टॉवेल

कारखान्यात चाळीस माग एकदम चालतात. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही मागवाले ओठ वाचतो. कुणी शिकवत नाही, वर्षभरात आपोआप येतं. रियाज माझ्यापासून सहा माग लांब असायचा आणि आमचा दिवसभर गप्पांचा अड्डा चालायचा. तो दखनीत बोलायचा, मी मराठीत, आवाज कुणाचाच नाही. शेडच्या दुसऱ्या टोकाला मालक फोनवर काय बोलतोय, ते मालकाच्या बायकोच्या आधी मला कळायचं.

या कामाची एक रीत आहे. जे कुणी वाचू नये असं वाटतं, ते बोलताना खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावायचा. नवरा-बायकोची भानगड असो, मालकाला शिव्या असोत, टॉवेल वर गेला की बाकीच्यांनी मान फिरवायची.

हा टॉवेल लक्षात ठेवा.

गुळण्या

तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूला, अगदी मागे, खालच्या जबड्यात ठणका लागला. गल्लीतल्या दातांच्या डॉक्टरांनी एक मोठा एक्स-रे काढायला पाठवलं. हनुवटी टेकवून उभं राहायचं आणि मशीन आपल्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालतं. आयुष्यात माझ्याभोवती कुणी घातलेली ती एकच प्रदक्षिणा. फोटो दुसऱ्या दिवशी मिळणार होता. माझी कारखान्यात दिवसाची पाळी होती. माझी बायको पद्मा म्हणाली, मी जाते. रियाजला सुट्टी होती, तो तिला गाडीवरून घेऊन गेला.

आमच्या घरी तेलुगू चालते. भांडण मात्र मराठीत होतं, कारण ते शेजाऱ्यांनाही कळलं पाहिजे असं पद्माचं मत आहे. मी इथे सगळंच मराठीत लिहितो.

संध्याकाळी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"काय न्हाय. अक्कलदाढ येतीय म्हणे. मिठाच्या गुळण्या करा, सकाळ-संध्याकाळ."

"फोटो?"

"त्यांनी ठेवून घेतला."

पन्नाशीत अक्कलदाढ येतेय म्हटल्यावर मी गप्प बसतो काय. दुसऱ्या दिवशी साऱ्या कारखान्याला पेढे देण्याइतका आनंद केला. आणि गुळण्या सुरू केल्या. दोन वर्षं, एक दिवस न चुकता. मी जेवढं मीठ थुंकलं तेवढ्यात कोकणातलं एखादं मिठागर चाललं असतं. ठणका तर महिन्याभरातच थांबला. मग काय, मी डॉक्टर झालो. ज्याचा दात दुखेल त्याला मी मीठ सांगायचो. टेंभुर्णीचे आमचे व्याही, त्यांनाही सांगितलं. फोटो काढल्यानंतर पंधरा दिवसांनी माझ्या मुलीचं, सुनीताचं, त्यांच्याकडे लग्न झालं. मांडवात जेवताना मी त्यांना गुळणी कशी करायची ते पाणी तोंडात घेऊन दाखवलं होतं.

त्या सुमारास रियाजनं टॉवेल जास्त वेळा तोंडाला लावायला सुरुवात केली. मला वाटलं, कापसाचा बारीक कचरा आता त्याला सोसत नसेल.

धोटा

गाल हळूहळू भरत गेला. दुखत नव्हता, म्हणून कुणी विचारलं की मी रोज नवी गोष्ट सांगायचो. कधी गांधीलमाशी चावली, कधी बायकोनं मारलं. एकाला सांगितलं की सासूबाईंनी दिलेली खोबऱ्याची वडी अजून चघळतोय. लोक हसायचे. रियाज हसायचा नाही. माझ्या लक्षात आलं होतं, पण मी मनावर घेतलं नाही.

मग एक दिवस पोरांना दाखवायला मी धोटा तोंडाला लावला आणि ओढलं. दोरा आला. त्याच्याबरोबर खारट, घाण वासाचं पाणी तोंडभर आलं. थुंकलं तर पिवळसर. जिभेनं मागची दाढ चाचपली, तर ती मागाच्या सैल पट्टीसारखी हलली. तीस वर्षं सैल पट्ट्या मी आवळल्या. ही आवळायला माझ्याकडे पाना नव्हता.

रियाजनं लांबूनच पाहिलं. तो माग बंद करून धावत आला. "चल. अब्बी के अब्बी चल."

गाडी काढायच्या आधी त्यानं फोन लावला आणि माझ्याकडे पाठ करून बोलला. पाठ करून. आमच्यात त्याचा अर्थ टॉवेलापेक्षा वाईट.

भाकरी बंद

दातांच्या मोठ्या दवाखान्यात पद्मा आमच्या आधीच पोचली होती. तिथल्या डॉक्टर मॅडम माझ्या सुनीताएवढ्या. त्यांनी नवा एक्स-रे दिव्यावर लावला. माझा जबडा मी पहिल्यांदा पाहिला. डाव्या बाजूला हाडाच्या जागी एक काळं, गोल, पोकळ काही होतं आणि त्यात एक दाढ आडवी झोपली होती.

"ही दाढ कधी वर आलीच नाही," त्या म्हणाल्या. "तिच्याभोवती पिशवी तयार झालीय. पिशवीत पाणी भरतं, ती हळूहळू फुगते आणि हाड आतून पोकळ करते. त्यामुळे दुखत नाही."

"म्हंजे गाठ?" माझ्या तोंडून निघालं. मी तंबाखूचा मावा खायचो. आमच्याकडे तोंडातली गाठ म्हटलं की पुढचा शब्द कुणी मोठ्यानं बोलत नाही.

"पिशवी. ती बहुतेक वेळा साधी असते. पण तुकडा तपासल्याशिवाय मी तुम्हाला शब्द देणार नाही. आणि आता कडक काही चावायचं नाही. तुमचं हाड कडेला अंड्याच्या टरफलाएवढं उरलंय."

टरफलाची उपमा त्यांची आहे, माझी नाही. मी शब्द दिलाय.

सोलापुरात राहून कडक भाकरी बंद. शेंगाचटणी समोर आणि माणूस भात कालवतोय. मी मॅडमना विचारलं, "हे किती दिवसांपासून असंल?"

"दिवस नाही, वर्षं. आधी कधी फोटो काढला होता का?"

मी म्हणालो, "काढला होता की. अक्कलदाढ येतीय म्हणाले, गुळण्या सांगितल्या."

मॅडमनी पद्माकडे पाहिलं. पद्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

आठ दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पण पिशवी चिवट जातीची आहे, काढली तरी परत उगवू शकते. त्यामुळे ऑपरेशननंतरही कित्येक वर्षं फोटो काढत राहायचं. ते आठ दिवस कसे गेले ते लिहीत नाही. ज्याचा तुकडा तपासायला गेलाय त्याला माहीत आहे, आणि ज्याचा गेला नाही त्याला माझ्या कुठल्याही वर्णनानं कळणार नाही.

काच

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सही करायला घरच्या माणसाला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर. मध्ये काचेचा दरवाजा. काचेतून आवाज येत नव्हता, पण मला आवाज कशाला हवा?

पद्मानं पिशवीतून एक जुनं खाकी पाकीट काढलं. मॅडमनी आतला फोटो दिव्यावर धरला. तिथेही डाव्या बाजूला काळं गोल होतं. लहान. चिंचोक्याएवढं.

पद्माचे ओठ मी सत्तावीस वर्षं पाहतोय. एकही शब्द सुटला नाही.

"दोन वर्सांपूर्वीचा हाय. त्या डॉक्टरांनी तवाच सांगितलं हुतं, मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून. म्या ह्येंना सांगितलं न्हाय."

मॅडमची पाठ माझ्याकडे होती. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही.

"पोरीचं लगीन पंधरा दिसांवर. गाठ म्हणलं की लोक कॅन्सरच धरत्यात. मोडलं असतं लगीन."

पुन्हा मॅडमची पाठ.

"ह्येंना गुपचूप सांगून? मॅडम, ह्येंच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. चिंचोका असला तर नारळ करून सांगत्यात. टेंभुर्णीपर्यंत पोचला असता नारळ."

मग तिनं सही केली, पाकीट परत पिशवीत टाकलं आणि दार उघडून बाहेर आली. म्हणाली, "चला, झालं."

मी म्हणालो, "झालं."

तेवढंच. मला सांगा, ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही तो माणूस असा गप्प बसतो? मी बसलो. राग असता तर बोललो असतो. ते रागाच्या पलीकडचं होतं. दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ ती मला कोमट पाण्याचा तांब्या आणून द्यायची. मीठही तीच टाकायची. मी आ करून गुळण्या करत असताना ती शेजारी उभी असायची, आणि तिला माहीत होतं.

तार

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नाकातून नळी घातली, दहा आकडे मोजायला सांगितले, मी तीनपर्यंत गेलो. बाहेर मी सांगतो की सातपर्यंत गेलो. जाग आली तर पिशवी गेलेली, दाढ गेलेली, शेजारच्या दोघी गेलेल्या. आणि टरफल फुटू नये म्हणून वरचे नि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले. चार आठवडे.

सोलापूरचं सगळ्यात मोठं तोंड बंद. वॉर्डात बघायला लोक आले असं मी सांगतो. आले नव्हते. आली फक्त पहाटेची नर्स, "अंबादास, तोंड धुवा" म्हणणारी. पिचकारीनं कोमट पाणी गालाच्या आतून मारायची. पाण्यात मीठ. ते चाखलं आणि मला उमासा आला. तोंड बांधलेल्या माणसानं उलटी करायची नसते, म्हणून मी खिडकीतल्या कावळ्याकडे बघत गिळून टाकलं. शेजारच्या खाटेवर माळशिरसचे एक म्हातारे होते, त्यांचा जबडा ट्रॅक्टरवरून पडून मोडला होता. त्यांनाही तार. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून भुवयांनी गप्पा मारायचो. त्या दिवसांत मला ज्यांचा राग आला नाही असे ते एकटेच.

घरी आल्यावर पद्मा वरणाचं पाणी तीनदा गाळायची, ताक, पेज, सगळं नळीनं. खालचा ओठ डावीकडे बधिर झाला होता. ओघळ यायचा आणि मला कळायचं नाही. ती समोर बसून स्वतःच्या ओठाला बोट लावायची, मग मी माझा पुसायचो. एकदाही तिनं तोंडानं सांगितलं नाही, चारचौघांत तर नाहीच. ही माया मी मोजत होतो, आणि तिच्यावर चिडतही होतो. दोन्ही एकाच जेवणात होत होतं.

बोलायला सुनीताची शाळेतली पाटी. रियाज रोज यायचा, कारखान्याच्या बातम्या सांगायचा. एक दिवस मी पाटीवर एकच शब्द लिहिला. टॉवेल.

त्यानं वाचलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, घडी केली, मांडीवर ठेवला.

"भाभीने कसम दी थी रे," तो म्हणाला. "शादी तक नक्को बोल बोली. शादी के बाद मैं रोज सोचा, आज बोलता, आज बोलता. तू रोज नमक के किस्से सुनाता था. तेरेकू देख के मेरी हिम्मतच नै हुई."

मी पाटी पुसली. मला जे लिहायचं होतं, ते पाटीवर मावलं नसतं.

पहिलं वाक्य

अठ्ठावीस दिवस मी पहिलं वाक्य तयार करत होतो. कधी शिवी, कधी न्यायाधीशासारखं. एक तर इतकं लांब होतं की ते संपेपर्यंत पद्मा म्हातारी झाली असती. तार काढली. घरी आलो. जबडा दोन बोटंही उघडत नव्हता.

"फोटो कुटं ठेवला हुतास?"

ती भांडी लावत होती. हात थांबले. कसं कळलं, असं तिनं विचारलं नाही. काचेचा दरवाजा तिला आठवला असावा.

"तुमच्या लग्नातल्या धोतराच्या घडीत. तुमी ते कधी काडत न्हाय."

"दोन वर्सं?"

"दर म्हैन्याला काडून बघायची. खिडकीला धरून. मग तुमच्या गालाकडं बघायची. मला काय कळतंय त्यातलं?"

"लगीन झाल्यावर तरी सांगायचं की."

"झाल्यावर भ्या वाटाय लागलं. आधी का न्हाय सांगितलंस म्हणाल. मग सुनीताला दिवस गेले, ते पडलं. मग दिवाळी. जेवढा उशीर झाला तेवढं तोंड उघडंना." ती माझ्याकडे वळली. "खरं सांगा. तवा सांगितलं असतं, तर तुमी गप्प ऱ्हायला असता?"

उत्तर? आम्हा दोघांनाही ते माहीत होतं. पहिल्या चहाच्या टपरीवर मी माझं मरण जाहीर केलं असतं, सरण रचलं असतं, वर व्याह्यांना बोलावणं धाडलं असतं. हेच मला जास्त लागलं. फसवणाऱ्याकडे खरं कारण असलं की राग धरायला जागा उरत नाही, पण राग काही जात नाही. तो घरात नुसता फिरत राहतो.

बाकावर बसलेल्या माणसा, तुला एकच सांगतो. तुझा फोटो आणायला तू स्वतः जा. कामावर खाडा झाला तर होऊ दे. डॉक्टरांच्या तोंडून तुझ्या कानांनी ऐक. पिशवीला घाबरू नकोस, ती लहान असताना अर्ध्या तासाचं काम असतं असं मॅडम म्हणतात. आणि घरच्यांना सांगता येईल इतपत तोंडाला लगाम ठेव. हे शेवटचं मला उशिरा कळलं.

डाळ

आता दर सहा महिन्यांनी फोटो. मी एकटा जातो, पाकीट स्वतः आणतो, माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवतो. पद्मा विचारते, "काय म्हणाले?" मी सांगतो. तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही की तिला पटलं का. मीही तिच्या प्रत्येक "काय न्हाय"कडे आता दोनदा बघतो. भाजीत मीठ जास्त झालं का असं विचारलं आणि ती "काय न्हाय" म्हणाली, तरी बघतो.

गेल्या आठवड्यात मॅडमनी फोटो दिव्यावर लावला आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं. भरून आलेल्या हाडात मागे एक बारीक काळा ठिपका.

"हाड भरायचं राहिलं असेल. किंवा परत सुरू होत असेल. आत्ता सांगता येत नाही. तीन महिन्यांनी परत बघू. तुरीच्या डाळीएवढा आहे, घाबरू नका."

मी दवाखान्याच्या बाहेर गाडीशी उभा राहिलो. घरी सुनीता बाळंतपणाला आलेली. चार दिवसांवर बारसं. टेंभुर्णीची सगळी मंडळी येणार. पाकीट हातात होतं, इतकं हलकं की वाऱ्यानं उडेल. मला लग्नातल्या त्या धोतराची घडी आठवली. तीन महिन्यांचा तर प्रश्न. कुणाचं काय बिघडणार होतं? त्या जागी उभं राहिल्यावर पहिल्यांदा मला पद्माचा तो पहिला फोटो आणायचा दिवस दिसला. दिसला म्हणजे माफ झाला असं नाही.

घरी गेलो. सुनीता बाळाला घेऊन आतल्या खोलीत होती. पद्मा स्वयंपाकघरात.

"ठिपका हाय एक," मी म्हणालो. "तुरीच्या डाळीएवढा. परत असंल, नसंल. तीन म्हैन्यांनी कळंल."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, ओठांकडे. "डाळीएवढाच?"

"डाळीएवढाच."

"नारळ न्हाय ना?"

"पद्मा, डाळ."

तिनं हात पुसले आणि पाकीट मागितलं. मी दिलं. फोटो खिडकीच्या काचेवर लावून तिनं ठिपका शोधला, पटकन शोधला, तिला सराव होता. मग डब्यातून तुरीच्या डाळीचा एक दाणा काढला आणि अंगठ्यानं ठिपक्यावर दाबून धरला. वाकून सगळ्या बाजूंनी बघितलं. ठिपका कुठूनच दिसत नव्हता. दाणाच मोठा होता.

"हितं पण वाढवूनच सांगितलं," ती म्हणाली.

मला हसू आलं. अर्ध्या ओठानं येतं तेवढं. तिलाही आलं, मग तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, तीन महिन्यांनी मी पण येणार. मी म्हणालो, ये.

दाणा तिनं परत डब्यात टाकला. पाकीट मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं.